‘असे म्हणतात’ खोडणारे केळशीकर

माझ्या मुलीच्या, प्रीतीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी समोरच्या केळशीकरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी अभिनंदन केलं, बायकोला पेढा आणायला सांगितलं आणि शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं. पत्रिकेत सात चुका निघाल्या. ‘आशीर्वाद’ आम्ही ‘आर्शिवाद’ असा छापला होता. ते म्हणाले, “गांगुर्डे, हा वधूवरांना लागू होणार नाही.” तीनशे पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि लग्न चार दिवसांवर आलं होतं. घरी येऊन मी बायकोला, भागीरथीला म्हटलं, हा माणूस लग्नाला नाही आला तरी चालेल. ते आले, सगळ्यांच्या आधी आले, बुद्धवंदना चालू असताना हात जोडून नीट उभे राहिले आणि आहेर म्हणून शब्दकोश देऊन गेले.

बदलापूर पूर्वेला शिरगावात आमची ‘सुप्रभात’ सोसायटी आहे. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, एक पाण्याची टाकी आणि जिन्याखाली एक सूचना फलक. मी पोस्टात कारकून, आणि दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी. फलकावर मी ‘उद्या पाणि येणार नाही’ असं लिहिलं की दहा मिनिटांत केळशीकर खाली उतरून ‘पाणी’ करून जात. पाणी तरीही येत नसे. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण वेलांटी चुकली होती हेही खरं, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. असली माणसं फार त्रासदायक असतात, कारण ती बरोबर असतात.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं अधिकारी म्हणून काढली. काम काय, तर इतरांनी लिहिलेले अहवाल तपासणं. टाकी गळते का, ते बघायला दुसरा अधिकारी होता. ‘गळती’ नीट लिहिली आहे का, ते केळशीकर बघत. निवृत्तीच्या दिवशी त्यांचं मानपत्र वाचलं जात असताना ते मधेच उठले आणि “‘कर्तव्यदक्ष’मधला ‘क्ष’ पुसट आलाय” म्हणून सांगून खाली बसले. त्यानंतरचं सगळं मानपत्र वाचणाऱ्यानं भीत भीत वाचलं म्हणतात.

घरी बसल्यावर दोन वर्षं त्यांनी बायकोच्या, कुमुदिनीवहिनींच्या वाणसामानाच्या याद्या दुरुस्त केल्या. वहिनी चांगल्या बाई, पण त्यांनाही सहनशक्ती किती असणार. त्यांनीच पुण्याला मुलाला, समीरला फोन करून सांगितलं, “यांच्यासाठी काहीतरी कर, नाहीतर मी तुझ्याकडे येते.” समीरनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी व्यापाऱ्याचं दुकान होतं, तिथं मीही बरोबर गेलो होतो. पाटीवर ‘कॉम्प्युटर दुरूस्ती’ लिहिलं होतं. केळशीकर पायरीवरच थांबले. ज्याला दुरुस्ती हा शब्द दुरुस्त लिहिता येत नाही त्याच्याकडून मी यंत्र घेणार नाही, म्हणाले. शेवटी दुकानदारानंच रंगाचा डबा बाहेर आणून दिला. “लो साईं, तुम ही कर दो. हमको तो माल बेचना है.” केळशीकरांनी उकार ऱ्हस्व केला आणि मग आत पाऊल टाकलं.

मराठीत एक ज्ञानकोश इंटरनेटवर निघाला आहे, त्यात कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं, अशी सोय आहे, हे समीरनं वडिलांना दाखवलं. ते वाचून केळशीकरांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मी समीरच्या लग्नातही पाहिला नव्हता. साऱ्या जगाच्या चुका, त्याही फुकट, घरबसल्या. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायला लागले. खिशाला लाल पेन असे. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही.

२००९ च्या जूनमध्ये स्वाइन फ्लूची जगभर साथ असल्याचं जाहीर झालं आणि ज्ञानकोशात त्यावर एक सोडून चार लेख उगवले. ‘स्वाइन फ्लू’, ‘स्वाईन फ्लू’, ‘स्वाइन फ्ल्यु’ आणि ‘डुक्कर ताप’. चारही लेखांत मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे. केळशीकरांनी चारांचा एक केला. आकड्यांपैकी कुठला घ्यायचा, हा प्रश्न त्यांनी दोन मिनिटांत सोडवला. ‘स्वाइन’ची इ ऱ्हस्व की दीर्घ, यावर मात्र सहा आठवडे युद्ध चाललं.

समोर होता ‘परखड’ या टोपणनावाचा एक गृहस्थ. यांनी ऱ्हस्व करावी, त्यानं दीर्घ करावी. चर्चेच्या पानावर दोघांनी एकमेकांना व्याकरणाचे नियम सुनावले, मग एकमेकांच्या शिक्षकांचा उद्धार केला. एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली. आमच्याकडे रोज दुपारी दोन ते चार लोडशेडिंग असायचं. केळशीकर दोन तास हात चोळत बसायचे, आणि चारला वीज आल्यावर बघायचे तर परखडनंही मधल्या दोन तासांत काही केलेलं नसायचं. चार वाजून पाच-सहा मिनिटांनी तो हजर. मी म्हटलं, “साहेब, हा तुमचा दुश्मन आपल्याच बदलापुरातला दिसतोय. कोपऱ्यावर गाठून मिटवून टाका.” ते म्हणाले, “गांगुर्डे, हे वैचारिक आहे.”

ऑगस्ट लागला. पुण्याच्या बातम्या यायला लागल्या आणि वैचारिक काही राहिलं नाही. लोक रुमाल बांधून हिंडू लागले. केमिस्टकडचे मास्क संपले. कुणी शिंकलं की रिक्षा रिकामी व्हायची. त्याच आठवड्यात लेखात कुणा अज्ञात माणसानं एक वाक्य आणून टाकलं:

‘कापुर व विलायची ची पुरचूंडी दर दोन तासानी हुंगल्यास तिन दिवसात स्वाइन फ्लु बरा होतो असे म्हणतात.’

केळशीकरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. एका ओळीत आठ चुका. त्यांनी कापूर दीर्घ केला, विलायचीची वेलची केली, ‘ची’ शब्दाला जोडला, पुरचुंडी ऱ्हस्व केली, तासांना आणि दिवसांना अनुस्वार दिले, ‘तीन’ आणि ‘फ्लू’ सुधारले. मग वाक्याच्या शेवटी आले. ‘असे म्हणतात’. त्यांच्या मते हा भाषेचा भित्रेपणा होता. मला त्यांनी ते मुद्दाम बोलावून दाखवलं. “कोण म्हणतात? ज्ञानकोशात म्हणतात-बिणतात चालत नाही. विधान असेल तर ठामपणे करावं.” कोण म्हणतात ते शोधायचं राहिलं, आणि ते दोन शब्द त्यांनी खोडून टाकले. त्यानंतर वाक्य शेवटी जरा तुटल्यासारखं वाटलं म्हणून ‘बरा होतो’च्या जागी ‘समूळ बरा होतो’ केलं. “आता कशी भाषा ओघवती झाली,” म्हणाले. ‘ध चा मा’ झाल्यानं माणूस जिवाला मुकतो, हे ते येता जाता सगळ्यांना सांगायचे. दोन अख्खे शब्द गाळल्यानं काय होतं, ते त्यांनी तपासलं नव्हतं.

माझंही चुकलं, ते आत्ताच सांगून टाकतो. लोकांना माहिती मिळावी म्हणून मी त्यांच्याकडून लेख छापून घेतला आणि फलकावर लावला. खाली ‘हुकुमावरून, सेक्रेटरी’ म्हणून सही केली. केळशीकरांनी ‘हुकुम’चा ‘हुकूम’ करता येतो का, यावर पाच मिनिटं विचार केला. वाक्यावर दोघांपैकी कुणीच केला नाही. दोन दिवसांत सोसायटीतल्या सगळ्यांच्या गळ्यात पुरचुंड्या आल्या आणि जिन्यात देवळासारखा वास सुटला.

वहिनींना ताप आला तो सोमवारी. डॉक्टरकडे जाऊ, असं केळशीकर एकदा म्हणाले, ते कॉम्प्युटरकडे बघतच. त्या म्हणाल्या, “तीन दिवस बघू. फलकावर आहे ना.” ही बाई पस्तीस वर्षं या माणसाशी संसार करत होती. त्यांचा स्वभाव, त्यांची पथ्यं, त्यांचे नातेवाईक, सगळ्यांबद्दल तिचं वेगळं मत होतं. पण नवऱ्यानं तपासलेल्या कागदावर तिनं कधीही संशय घेतला नव्हता. त्यांनी तपासलंय म्हणजे बरोबरच असणार. मंगळवारी त्या दर दोन तासांनी पुरचुंडी हुंगत होत्या. घड्याळ लावून.

बुधवारी सकाळी केळशीकर लेखातल्या लक्षणांच्या भागावर काम करत होते. ‘श्वास घेण्यास त्रास’ बरं, की ‘श्वसनास त्रास’, असा पेच होता. शेजारच्या खोलीतून वहिनींच्या श्वासाचा आवाज यायला लागला होता. लक्ष लागेना, म्हणून ते उठले आणि मधलं दार लावून आले. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, नंतर, दवाखान्याच्या बाकावर.

दार उघडलं ते वेणूबाईंनी. वेणूबाई चामटोलीहून आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला येतात. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे फलकावरचा लेख त्यांनी वाचला नव्हता. त्यांनी वहिनींचे ओठ बघितले आणि बाहेर येऊन केळशीकरांना म्हणाल्या, “सायेब, वयनींना दम लागलाय. ती नाकाची चिंधी फेका नि रिक्षा बोलवा.”

“अहो, पण तीन दिवस...” केळशीकर म्हणाले.

“कोन बोलला तीन दिवस?”

कोण म्हणतात, हा प्रश्न केळशीकरांचाच होता. मी पोस्टात निघालो होतो, तसाच वळलो आणि रिक्षा आणली. इथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून तपासलं आणि चिठ्ठी लिहून उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं त्यांना लगेच आत घेतलं, प्राणवायू लावला, घशाचा नमुना पुण्याला धाडला आणि अहवालाची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दोन दिवस काय करत होतात?” केळशीकरांनी खिशातून पुरचुंडी काढून दाखवली. त्या बाईंनी ती बघितली, यांच्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच केळशीकर म्हणाले, “गांगुर्डे, मला एक वाक्य काढायचंय.” आम्ही कॅम्प चारला त्याच दुकानात गेलो. पाटीवरची ‘दुरुस्ती’ अजून ऱ्हस्व होती. दुकानदारानं यांचा चेहरा बघून गिऱ्हाइकाला उठवलं. “बैठो साईं.” केळशीकरांनी पुरचुंडीचं वाक्य लेखातून काढून टाकलं. पाच मिनिटांत ते परत आलं. शेजारी परखडचा शेरा होता: ‘शुद्ध व निर्दोष वाक्य विनाकारण वगळले. पूर्ववत केले.’

यांनी पुन्हा काढलं आणि लिहिलं, ‘हे खोटे आहे.’

‘संदर्भ द्यावा.’

‘माझी पत्नी. पलंग क्रमांक सात.’

‘व्यक्तिगत अनुभव हा संदर्भ नव्हे. पाहा: आपणच जुलैमध्ये चर्चापानावर मांडलेला नियम.’

वाक्य पुन्हा जागेवर आलं होतं. कापूर दीर्घ, पुरचुंडी ऱ्हस्व, अनुस्वार जिथल्या तिथं. केळशीकरांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, “त्याचं बरोबर आहे.” आणि थोड्या वेळानं, “मी हे वाक्य वाचलंच नव्हतं हो, गांगुर्डे. मी ते फक्त तपासलं.” मला त्या माणसाची पहिल्यांदा दया आली, आणि रागही तितकाच आला, कारण खालची सही माझी होती. घरी येऊन मी फलकावरचा कागद फाडला. उरलेल्या दहा घरांत जाऊन सांगितलं की ते खरं नाही. तीन घरांनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, इंटरनेटवर तर अजून आहे.

पाचव्या दिवशी पुण्याहून अहवाल आला. स्वाइन फ्लूच होता. ठाणे जिल्ह्याच्या रुग्णांचा आकडा लेखात केळशीकरच रोज बदलायचे, त्या दिवशीही त्यांनीच बदलला. एकानं वाढवला. त्या एकाला चहात आलं लागतं आणि झोपताना पायावर पांघरूण चालत नाही, हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

नवव्या दिवशी वहिनी घरी आल्या. अर्ध्या झाल्या होत्या, पण आवाज शाबूत होता. दोन-तीन दिवसांनी रविवार आला. दुपारी एकच्या सुमारास मी भागीरथीनं दिलेला मऊ भात घेऊन गेलो, तर त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि केळशीकर बाजूला उभे. त्या खुर्चीत आजवर तेच बसत आले होते.

“ते वाक्य अजून आहे का?” वहिनींनी विचारलं.

“आहे. मी सहा वेळा काढलं. तो सहा वेळा घालतो. ताप आल्यास डॉक्टरकडे जावे, असंही मी लिहून पाहिलं. संदर्भ नाही म्हणून काढून टाकलं त्यानं.”

“शुद्ध लिहिलं होतंत?”

“अर्थात.”

“मग काढणारच तो.” वहिनी थांबून थांबून बोलत होत्या. “अहो, तुम्ही लेखात ती पुरचुंडी का ठेवलीत? तिच्यात चुका होत्या म्हणून. चुका दिसल्या की तुम्हाला दुसरं काही दिसत नाही. नसत्या, तर नीट वाचलं असतंत. आणि तो तुमचाच भाऊ शोभतो.”

त्यांनी एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली. एकेक अक्षर शोधत, मधे दम खात. जुन्या वाक्याचा पूर्णविराम पुसून त्यांनी पुढं लिहिलं. पाऊण तास लागला. पडद्यावर उमटलं ते असं:

‘असे म्हणतत. ताप आला तर लगेच डाक्टर कडे जावे पुरचूंडी हूंगत बसु नये. मी बसले होते.’

केळशीकरांचा हात आपोआप पुढं झाला. ‘हूंगत’वर त्यांची नजर अडकली होती. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा चेहरा झाला होता.

“हात खाली,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, निदान ‘डॉक्टरकडे’ तरी...”

“हात खाली घ्या.”

त्यांनी हात खाली घेतला. एकतीस वर्षं कारखान्यात आणि दोन वर्षं घरात या माणसानं समोर दिसलेली चूक कधी तशी सोडली नव्हती. ती प्रेमानं सोडली की वहिनींचा डाव कळला म्हणून सोडली, ते मला सांगता येणार नाही. दोन वाजायला पाच मिनिटं असताना वहिनींनी ते लेखात चढवलं. दोनला वीज गेली.

ते दोन तास आम्ही तिघं बसून होतो. पंखा बंद. वहिनी आत जाऊन आडव्या झाल्या. केळशीकर दर थोड्या वेळानं उठून मधल्या दारापाशी जायचे, उभे राहून आतला श्वास ऐकायचे आणि परत यायचे. दार उघडंच होतं. मला म्हणाले, “मी फार घाबरलो होतो हो.” मी म्हटलं, “मीही.” मग मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, आलं घालून.

चारला वीज आली. चार वाजून सहा मिनिटांनी परखड आला. आम्ही दोघं पडद्याला नाक लावून बसलो होतो. त्यानं ‘म्हणतत’चं ‘म्हणतात’ केलं. ‘डॉक्टरकडे’ जोडून घेतलं. ‘जावे’च्या पुढं पूर्णविराम दिला. ‘पुरचुंडी’, ‘हुंगत’, ‘बसू’, सगळं हवं तसं केलं. शेजारी शेरा मारला: ‘अक्षम्य चुका. लेखकाने प्रथम प्राथमिक शाळेत जावे.’ आणि निघून गेला. आता ती ओळ त्याचीच झाली होती. तिला हात लावायला येणाऱ्याशी तोच भांडणार होता.

लेखात आता असं होतं: ‘कापूर व वेलचीची पुरचुंडी दर दोन तासांनी हुंगल्यास तीन दिवसांत स्वाइन फ्लू समूळ बरा होतो असे म्हणतात. ताप आला तर लगेच डॉक्टरकडे जावे. पुरचुंडी हुंगत बसू नये. मी बसले होते.’

शेवटच्या तीन शब्दांना परखडनं हात लावला नव्हता. त्यांत चूक नव्हती, म्हणून ते त्याला दिसलेच नाहीत. केळशीकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

आतून वहिनींनी विचारलं, “काय झालं? वाचलं का?”

केळशीकर उठून दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, “वाचलं.”